बोलावलं तर बायका येतात

२ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. अभिनेत्री पूनम पांडे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्याची बातमी दिवसा मोबाइलवर आली आणि संध्याकाळी डोंबिवलीला परतणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात दुसरा विषय नव्हता. "म्हणजे नेमका कुठला?" एकीने विचारलं. "पिशवीच्या तोंडाचा," चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली दुसरी म्हणाली. लस असते, ती मुलींना देतात, आपलं वय गेलं, असं तिघी-चौघींनी मिळून ठरवूनही टाकलं. मग कोणीतरी म्हणालं, "तपासणी पण असते ना?" "असते की. पण कुठे करतात?" यावर कोणालाच काही सांगता आलं नाही. ठाणं आलं, दारात झुंबड उडाली आणि विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी पूनम पांडे यांनी स्वतःच आपण जिवंत असल्याचं जाहीर केलं. हे सारं जागृतीसाठी केलं, म्हणाल्या. लोक चिडले आणि चिडायलाच हवं होतं. मला मात्र वेगळीच गोष्ट खटकली. जागृती तर झाली होती! आजाराचं नाव कळलं होतं, लस कळली होती, तपासणी असते हेही कळलं होतं. घोडं अडलं ते 'कुठे' या प्रश्नापाशी.

या आजारावरचा कोणताही परिसंवाद ऐका, कोणत्याही अहवालाचा शेवट वाचा. 'महिलांमध्ये जागृतीचा अभाव' हे वाक्य ठरलेलं असतं. ते सगळ्यांच्या सोयीचं आहे. त्यात दोष बाईच्या पदरात पडतो आणि बाकीचे हात झटकून मोकळे होतात. फार तर एक पोस्टर, एक पथनाट्य, महिला दिनाला एक व्याख्यान. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या बायकांना या आजाराची माहिती कमी आहे, हे मी नाकारत नाही. पण त्यांची तपासणी होत नाही ती त्यामुळे नव्हे. त्यांना कोणी बोलावत नाही. बोलावलं तर त्यांना जमेल अशा वेळी बोलावत नाही. आणि आल्याच, तर पुढे काय याची जबाबदारी कोणी घेत नाही. याचा पुरावा परदेशात शोधायची गरज नाही. तो मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि धाराशिवच्या खेड्यांत आहे.

आधी आजाराबद्दल थोडं. हा कॅन्सर मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे होतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि लैंगिक आयुष्य असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतोच. बहुतेकींच्या शरीरातून दोनेक वर्षांत तो निघूनही जातो. थोड्याजणींत ठाण मांडून बसतो, आणि तिथून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, उदाहरणार्थ एचआयव्हीवर उपचार होत नसतील, तर ५ ते १० वर्षं. एवढी लांब मुदत देणारे कॅन्सर फार थोडे. या मुदतीत पेशींतला बदल दिसतो आणि बहुतेक वेळा तो दवाखान्यातच, पोट न फाडता काढून टाकता येतो. तरीही ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला १,२७,५२६ बायकांना हा कॅन्सर होतो आणि ७९,९०६ जणी त्याने मरतात.

आता मुंबईचा पुरावा. १९९८ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. डॉ. सुरेंद्र शास्त्री त्याचे प्रमुख होते. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका, वस्त्यांचे २० गट. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, कॅन्सरची माहिती देऊन तपासणी केली. तपासणी कसली, तर गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातलं व्हिनेगर, लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते पाहायचं. पाहणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. उरलेल्या निम्म्या वस्त्यांत सुरुवातीला एकदा फक्त माहिती दिली गेली. बारा वर्षांनी हिशेब केला तेव्हा तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. २०१३ मध्ये हे निष्कर्ष अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले गेले तेव्हा जगभर बातम्या झाल्या.

त्यानंतर वादही झाला. दुसऱ्या गटाला इतकी वर्षं तपासणीविना ठेवणं नैतिक होतं का, हा प्रश्न विचारला गेला आणि तो रास्तच होता. पण त्या गटाने आपल्याला जे शिकवलं ते विसरता कामा नये. नुसती माहिती देऊन थांबलं तर काय होतं, याचं उत्तर त्या बायकांनी आपल्या जिवाने दिलं आहे.

या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा मृत्यूंचा नाहीच. तपासणीला आलेल्या बायकांचं प्रमाण ८९ टक्के होतं. झोपडपट्टीतल्या, कमी शिकलेल्या, पाण्याच्या नळाच्या वेळा सांभाळणाऱ्या बायका. त्यांच्या दारात ओळखीची सेविका गेली, तपासणीची खोली वस्तीतच थाटली, आणि शंभरातल्या ८९ जणी आल्या. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या होत्या १.९ टक्के. शहरांत २.२. संशोधनाला मिळतो तेवढा पैसा आणि माणसं महापालिकेला मिळत नाहीत, हे मान्य. तरी ८९ आणि २.२ यांच्यामधली दरी बायकांच्या अज्ञानाने भरून निघत नाही. बायका त्याच, लाज तीच, सासवा त्याच. वेगळी होती ती व्यवस्था.

दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये तो सुरू केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. इथे तीन चाचण्या ताडून पाहिल्या: व्हिनेगरची, पॅप स्मिअरची (गर्भाशयमुखाच्या पेशी तपासण्याची) आणि एचपीव्हीच्या डीएनएची. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. काहीच तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच गटात ६४. एकदाच केलेल्या व्हिनेगर-तपासणीचा किंवा पॅपचा मात्र तिथे म्हणावा तसा फायदा दिसला नाही. म्हणजे स्वस्त चाचणी हवी तर ती पुन्हा पुन्हा आणि कसून करावी लागते. एकदाच गाठ पडणार असेल तर महाग चाचणीच करावी. आज जागतिक आरोग्य संघटना जगाला एचपीव्ही चाचणी सुचवते, त्यामागे मराठवाड्यातल्या या बायका आहेत. जगाने त्यांच्याकडून धडा घेतला. आपण घेतला नाही.

का घेतला नाही, हे समजायला सरकार बाईला कधी कधी भेटतं ते पाहावं. दिवस गेले की नाव नोंदवा, कार्ड घ्या, लोहाच्या गोळ्या घ्या. मग बाळंतपण. मग बाळाचे डोस. मग तांबी, नाहीतर ऑपरेशन. या प्रत्येक टप्प्यावर आशाताई घरी येते, वही भरते, आली नाहीस तर का आली नाहीस म्हणून विचारते. आपल्याकडे ऑपरेशन बहुधा पंचविशीच्या आसपास उरकतं. आणि केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेनुसार या कॅन्सरची तपासणी सुरू व्हायची ती तिशीत, पुढे दर पाच वर्षांनी, पासष्टीपर्यंत. बाईकडून जन्माला घालायची मुलं घालून झाली की वही बंद होते, आणि तिच्या स्वतःच्या जिवाचा प्रश्न सुरू होतो तो नेमका त्यानंतर. शास्त्रीनगर, रुक्मिणीबाई, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही नावं इथल्या लाखो बायकांना पाठ आहेत, ती बाळंतपणामुळे. चाळिशीत तिथे स्वतःसाठी जायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

राज्य सरकारने २०२२ च्या नवरात्रात मोहीम काढली, तिचं नाव होतं 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित'. हेतू चांगला, बायका आल्याही असतील. पण घराच्या सुरक्षिततेचा दाखला जोडल्याशिवाय बाईची तपासणी मागता येत नाही, ही आपली मनोवृत्ती त्यात उघडी पडते.

शिबिरांचं तर विचारूच नका. मध्यंतरी अशाच एका शिबिरात मी दोन तास बसले होते. आयोजकांचं नाव घेत नाही, कारण इतरत्रही फार वेगळं चालत असेल असं वाटत नाही. शाळेचा हॉल, दोरीवर टाकलेला हिरवा पडदा, पडद्याआड तपासणीचं टेबल. पडद्याबाहेर दुसरं टेबल, तिथे सिस्टर फॉर्म भरत होत्या, आवाज रांगेच्या टोकापर्यंत जाईल एवढा मोठा. शेवटची पाळी कधी? अंगावरून पांढरं जातं का? संबंधानंतर रक्त जातं का? तिशीतली एक बाई उभी होती, तिच्यामागे सासू. तिने तिन्ही प्रश्नांना 'नाही' म्हटलं. तिसऱ्याला तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच. मग सिस्टरनी मोबाइल नंबर विचारला, तिने मुलाचा दिला, कारण घरातला फोन त्याच्याकडे. महिन्याने अहवालात काही निघालं तर तो फोन सोळा-सतरा वर्षांचा मुलगा घेणार. आईला काय सांगेल तो? आणि ज्यांची पाळी चालू होती त्यांना 'पुढच्या वेळी या' म्हणून परत पाठवलं. पुढची वेळ कधी, हे फलकावर नव्हतं.

यात अज्ञान कोणाचं म्हणायचं? ती बाई मूर्ख नव्हती. सासूसमोर तिसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणण्याचे परिणाम तिला आपल्यापेक्षा चांगले कळत होते.

वेळेचा हिशेब तर सरळच आहे. सरकारी बाह्यरुग्ण विभाग चालतो सकाळी. डोंबिवली-कल्याणची नोकरदार बाई तेव्हा घाटकोपरच्या पुढे गेलेली असते. चार घरची धुणीभांडी करणारी बाई त्या वेळी चौथ्या घरी असते आणि तिचा खाडा पगारातून कापला जातो. तपासणीला पाच मिनिटं लागतात, पण केसपेपर, रांग, पुन्हा रांग, अहवालासाठी फेरी, शंका निघाली तर दुर्बिणीच्या तपासणीसाठी फेरी, तुकडा काढला तर आणखी दोन. 'त्रास नाही तर कशाला?' हा जो प्रश्न आपल्याला अडाणीपणाचा वाटतो, तो अर्ध्या दिवसाच्या मजुरीच्या तराजूत तोलून विचारलेला असतो. आणि कुठे काही निघालंच तर पुढे 'टाटा'. परळच्या त्या नावाचा धसका इकडे एवढा आहे की घरात कॅन्सर हा शब्द काढत नाहीत, 'टाटाला दाखवलं' एवढंच म्हणतात.

कल्याणचा विषय निघाला की आनंदीबाई जोशी आठवतातच. ३१ मार्च १८६५ ला त्या कल्याणात जन्मल्या. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला केलेल्या भाषणात हिंदुस्थानातल्या बायकांना बायकाच डॉक्टर हव्यात, असं त्यांनी ठामपणे मांडलं, आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून एम. डी. झाल्या. पुढच्याच वर्षी गेल्या. त्यांनी मागितलेली गोष्ट त्यांच्या गावाला आज भरभरून मिळाली आहे. कल्याण, डोंबिवली, ठाण्यात कोणत्याही मोठ्या रस्त्याने चाला, स्त्रीरोगतज्ज्ञ बायकांच्या पाट्या मोजता मोजता दमाल. तरीही तपासणी होत नाही. म्हणजे पुरुष डॉक्टरची लाज हे कारण पूर्वी खरं असेल, आता पुरेसं नाही. गुडघेदुखी, थायरॉइड, साखर यांसाठी वर्षाकाठी डॉक्टरकडे चार फेऱ्या मारणाऱ्या शिकल्यासवरल्या बाईलाही 'पॅप कधी केली होती?' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इतकंच कशाला, रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिकांच्या ज्या पाहण्या देशात झाल्या, त्यांत हा आजार आणि चाचणी ठाऊक असूनही स्वतःची तपासणी करून घेतलेल्या थोड्याच निघाल्या. माहितीने तपासणी होत असती तर त्या सगळ्यांत पुढे असत्या.

एका बाबतीत मात्र मला माझ्याच म्हणण्याला मुरड घालावी लागते. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, ही माहिती अर्धवट पोचली तर ती अडथळाच बनते. 'मला कशाला होईल, मी काय तशी आहे?' असं बायका म्हणतात. आणि चाचणीत विषाणू निघाला तर घरात चारित्र्याचा पंचनामा सुरू होतो. एकच जोडीदार असलेल्या बाईलाही तो असू शकतो, कधी लागला ते सांगता येत नाही, आणि तो नवऱ्यामार्फतही येतो, हे आधी सांगायला हवं. हे बायकांइतकंच, किंबहुना जास्तच, पुरुषांना सांगायला हवं. जागृतीच करायची हौस असेल तर ती रिक्षा स्टँडवर, यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत करा.

काहीजण म्हणतात, शहरात हा कॅन्सर आपोआप कमी होतोच आहे, मग एवढा आटापिटा कशाला? कमी होतो आहे, हे खरंच. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून चालू आहे आणि तिथे गेल्या काही दशकांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर मागे पडून स्तनाचा पुढे गेला आहे. लग्नं उशिरा होतात, मुलं कमी होतात, पाणी घरात आलं. पण हे भाग्य सगळ्या वस्त्यांत सारखं वाटलेलं नाही. एकाच ठाणे जिल्ह्यात घोडबंदर रोडचे टॉवर आहेत आणि मुरबाड-शहापूरचे पाडेही. शिवाय टाळता येणारं मरण कमी होतंय म्हणून त्याच्याकडे काणाडोळा करायचा, हा युक्तिवाद आपण पोलिओच्या वेळी केला नव्हता.

तपासणी होत नाही म्हणून भीती जात नाही. ती दुसऱ्या बाजाराला लागते. जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री, आपल्या ठाण्याचेच एकनाथ शिंदे, यांनी विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. ऊसतोडणीला जाणाऱ्या कितीतरी बायकांनी सांगितलेली हकिकत एकसारखी आहे: अंगावरून पांढरं जातं म्हणून डॉक्टरकडे गेलो, 'कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका' असं सांगितलं. पाच मिनिटांच्या तपासणीने ज्याचं उत्तर मिळालं असतं, त्यासाठी कर्ज काढून ऑपरेशन झालं. या बायकांना कॅन्सर माहीत नव्हता असं कोण म्हणेल? त्यांना तो फार चांगला माहीत होता. भीती त्यांच्यापर्यंत पोचली होती, चाचणी पोचली नव्हती.

लसीबद्दल थोडक्यात: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली, तेव्हा खाजगीत एका डोसची किंमत दोन हजार रुपये होती. मुलींना ती मिळायलाच हवी. पण आज पस्तिशीत आणि पन्नाशीत असलेल्या बायकांसाठी ती आता उशिराची आहे. त्यांना तपासणीशिवाय पर्याय नाही.

मार्ग काही चंद्रावर जाण्याइतका अवघड नाही. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो. छोटा ब्रश आत फिरवून कुपीत टाकायचा, बस्स. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला संमती दिली आहे. मग पडदा नको, टेबल नको, मोठ्या आवाजातले प्रश्न नकोत. क्षयरोगासाठी आरोग्य केंद्रांत पोचलेली गोव्याच्या मोलबायोची ट्रुनॅट यंत्रं एचपीव्हीची चाचणीही करू शकतात. संध्याकाळी चालणारे 'आपला दवाखाना' आहेत. आशाताईंच्या वह्यांत घराघरातल्या तिशीपुढच्या बायकांची नावं आहेत. नाही ती फक्त एक जबाबदार व्यक्ती, जी म्हणेल की या प्रभागातल्या अमुक इतक्या बायकांना मी बोलावलं, इतक्या आल्या, इतक्यांत दोष निघाला आणि त्यातल्या शेवटच्या बाईचा उपचार होईपर्यंत मी तिचा पिच्छा सोडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं लक्ष्य २०३० पर्यंत ७० टक्के बायकांची तपासणी हे आहे. २०१९-२१ च्या पाहणीत आपण दोनच्या आसपास होतो.

संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसलं असेल, तर शिबिराची वाट न पाहता आधी डॉक्टरकडे जा. हे अंगावर काढायचं दुखणं नाही. बाकीच्यांनी आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला एक पत्र लिहावं. गटार आणि दिव्यांबद्दल लिहितो तसंच: आपल्या नागरी आरोग्य केंद्रात गेल्या वर्षी तीस ते पासष्ट वयाच्या किती बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी झाली, किती जणींत काही निघालं, आणि त्यांतल्या किती जणींवर उपचार पूर्ण झाले? तिन्ही आकडे लेखी मागा, आणि पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.